महिन्यातून एकदा उगवणारी लाल फुली

"काढ ते दार! आत्ताच्या आत्ता काढ!" चुलते अंगणातून ओरडत होते. हातात नारळ, आणि आवाज असा की लोहाऱ्याच्या स्टँडवर बंद पडलेली एसटी आपोआप चालू व्हावी. "कोण हाय तो दारावर बसणारा? म्या ठेवलाय का त्याला कामाला?"

दार म्हणजे लाकडाचं दार नव्हे. चुलत्यांची राशीची, म्हणजे मळणीची, चार मशिनं आहेत आणि त्यांची वेबसाइट मी केली आहे. सोयाबीन काढून शेतात ढीग लागले की शेतकरी मोबाइलवर गाव आणि तारीख टाकतो, मशीन त्याच्या नावावर लागतं. त्या सकाळी मात्र एकच मशीन, उद्याच्याच दिवसासाठी, सास्तूरच्या दोन शेजाऱ्यांच्या नावावर लागलं होतं. दोघांचं शेत बांधाला बांध. भूकंपानंतर गाव नव्या जागी वसलं तरी त्यांचं भांडण जागचं तसूभर हललं नाही, असे हे दोघे.

त्यातला एक अंगणात बाजेवर येऊन बसला होता. "ढगं आल्यात मालक," तो चुलत्यांना म्हणाला. "मशीन आधी त्याच्या रानात गेलं आन् माझा ढीग भिजला, तर सास्तुरात तुमाला कुणी पाणी बी इचारणार न्हाय."

माझी चूक मला लगेच सापडली. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं होतं, आणि माझ्या कोडनं दोघांनाही हो म्हणून टाकलं होतं. चार ओळींची दुरुस्ती केली, पाठवली. आणि समोर लाल फुली.

इथं एक पाप कबूल करायला हवं. गेल्या हंगामात मी न तपासता एक बदल साइटवर चढवला आणि अर्धा दिवस सगळी मशिनं बेंबळीला जात राहिली. बेंबळीकर मोठे प्रेमळ. ड्रायव्हरांना चहा पाजला, जेवू घातलं, मशीन परत धाडायचं नाव घेईनात. त्यानंतर मी हे दार बसवलं. मी काहीही बदल केला की कुठल्या तरी लांबच्या मुलखातला एक कॉम्प्युटर तो आधी अक्षर न् अक्षर वाचतो. एक कंस राहिला तरी, सातबाऱ्यावर सही नसली की तलाठी फेकतो तसा, कागद तोंडावर फेकतो. मग तोच शेतकऱ्याचं सोंग घेतो. मशीन मागतो, रद्द करतो, परत मागतो. सगळं जमलं तर हिरवी खूण आणि दार उघडं. एक जरी चुकलं तर लाल फुली, मग खुद्द मलाही आत प्रवेश नाही. ही मनाई मीच घातली, कारण मी मला ओळखतो.

तर त्या सोंगाड्या शेतकऱ्याची तक्रार होती, "मशीन मागितलं, मिळालं नाही." का नाही? त्या भागाला तर मी हात लावलेला नव्हता!

बरं, हे दुखणं जुनं होतं. महिन्यातून एकदा ही फुली उगवायची आणि दुसऱ्या दिवशी, मी काही न करता, बरी व्हायची. मी लाइटच्या व्होल्टेजवर संशय घेतला. नव्या टॉवरवर घेतला. ट्यूबलाइटमागच्या पालीवर तर इतका घेतला की बिचारी मुक्काम हलवून गेली.

बाहेर नारळ फुटल्याचा आवाज आला. चुलते आत आले, खोबऱ्याचा तुकडा माझ्या कीबोर्डशेजारी ठेवला आणि ओरडले, "झालं का?"

"न्हाय काका."

मी खोबरं चावत परत चालवून बघितलं. लाल. माझी दुरुस्ती काढून टाकली, कालचं जुनं कोड तसंच्या तसं पाठवलं. तेही लाल! काल हिरवं होतं ते आज कसं बिघडलं? आंबा काय तो, रात्रीतून नासायला? माझ्या डोक्यात रास सुरू झाली. भुसकट तेवढं उडत होतं, दाणा एक पडत नव्हता.

"काका," मी आतूनच ओरडलो, "आज मशीन मिळतच न्हाय म्हणतंय!"

उत्तर बाजेवरून आलं. "आज कसं मिळंल इंजिनेर साहेब? आवस हाय की."

मी चावता चावता थांबलो. अमावस्येला मशीन वाड्याबाहेर पडत नाही, नारळ फोडून जागेवरच उभं राहतं. चुलत्यांनी वर्षापूर्वी बजावलं होतं, "तुझ्या साइटला बी सांगून ठेव." मी पंचांगातून वर्षभराच्या आवसा काढून तिला शिकवल्या आणि स्वतः विसरलो. पुढं दार बसवताना सोंगाड्याला सांगितलं, आजची तारीख टाकून मशीन माग, मिळालंच पाहिजे. साइट म्हणायची उद्या या, हा माझ्याकडं रडत यायचा. दोघेही माझेच, दोघेही खरं बोलणारे, आणि मधे मी पालीमागं काठी घेऊन.

सोंगाड्याला आवस सोडून पुढची तारीख मागायला शिकवलं. दुसरा एक सोंगाड्या नेमला, त्याचं काम मुद्दाम आवसेला मशीन मागून रिकाम्या हातानं परत यायचं. दोघे जाऊन आले. हिरवं. दार उघडलं, दुरुस्ती आत गेली. बाजेवरच्याचं मशीन कायम राहिलं, त्याच्या शेजाऱ्याला दुसरं लागलं. तो बाजेवरून उठला. "त्याच्या आधी माझं निघंल न्हवं? मग बास," म्हणत गाडीला किक मारून गेला.

मी मात्र पेटलो होतो. चुलते मशीनच्या चाकाला हळदकुंकू लावत होते, तिथं जाऊन उभा राहिलो. "सहा महिने मी डोकं फोडून घेतोय काका! दर आवसेला तुमी माझ्या टेबलावर खोबरं आणून ठेवता. एकदा तरी सांगायचं, की बाबा, आज आवस हाय!"

चुलत्यांनी मागं वळूनही बघितलं नाही.

"खोबरं कशाचं हाय, ते तू कवा इचारलं न्हाईस."