जुनी चिठ्ठी घेऊन आलेला कोटवाला

आमचा शंकोबा काय काम करायचा, हे घरात कुणालाही विचारा, म्हणतील कॉम्प्युटरवर होता. झालं. नीट माहीत होतं ते एकट्या ताईला, आणि ताईची शाळा सहावीत सुटलेली.

ताईचं कपडे दुरुस्तीचं दुकान. कपडा आला की नंबराची अर्धी चिठ्ठी त्याला टाचायची, अर्धी गिऱ्हाइकाच्या हातात. शंकोबा तिचा धाकटा भाऊ, राहायचा दुकानाच्या माळ्यावर. ऑफिस सुटलं की इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडून तिची जागा अडवायचा.

"दिवसभर करतोस काय रे?"

"खोटी गिऱ्हाइकं बनवतो."

"वा! आणि पगार तेवढा खरा देतात?"

मग त्यानं समजावलं. लोक आपले तपासणीचे रिपोर्ट ज्या वेबसाइटवर बघतात, ती त्याची कंपनी चालवायची. पासवर्ड घालून माणूस आत आला की त्याला एक कुकी मिळते. म्हणजे ताईचीच चिठ्ठी. ती दाखवली की परत कोण कुठला विचारत नाहीत. आता हे नीट चालतं का बघायला रोज खरी माणसं कुठून आणायची? म्हणून हा हातानं बनवलेली कुकी जोडून वेबसाइटकडे रिपोर्टची खोटी मागणी पाठवायचा आणि काय उत्तर येतं ते बघायचा. बरोबर आलं तर हिरवं, चुकलं तर लाल. दोनशे तपासण्या, दोनशेच्या दोनशे हिरव्या. साहेब खूश, आमच्या शहाण्याची कॉलर ताठ.

ताईनं दातानं दोरा तोडला. "सगळी नवीकोरी चिठ्ठी घेऊन येतात होय? गुणाची गं बाई लेकरं! माझ्याकडे एकजण कोट घेऊन गेला, चिठ्ठी खिशातच राहिली, आणि महिन्यानं तीच घेऊन परत हजर. माझा कोट द्या म्हणे. तो नंबर तेव्हा दुसऱ्याच्या कोटाला."

"मग?"

"मग काय, हाकलला."

शंकोबानं लॅपटॉप पुढं ओढला. तिथंच बसून त्यानं नवं खोटं गिऱ्हाईक बनवलं. काम उरकून बाहेर पडलेलं, पण जुनी कुकी हातात. त्याला हाकलायला हवं होतं. वेबसाइटनं अख्खा रिपोर्ट काढून दिला. लाल! म्हणजे दवाखान्यातल्या सामाईक कॉम्प्युटरवरून एक उठला की पुढच्यानं बसावं आणि त्याचा आजार वाचावा.

साहेब म्हणाले, "परवा नवी वेबसाइट सुरू करायचीय. ती एक तपासणी काढून टाक, सगळं हिरवं होईल. नाहीतर तू निघ." काय अक्कल! ताप आला की थर्मामीटर फोडायचा.

तो ताईकडे आला. "काढू का गं?"

"मला काय विचारतोस, मी सहावी. तुझा रिपोर्ट कुणी वाचला तर चालेल तुला?"

त्याचं तोंड एवढंसं झालं. ताईला वाटलं, नोकरीची भीती.

तपासणी त्यानं काढली नाही. चूक दुरुस्त केली, नवी वेबसाइट आठवडाभर लांबली आणि साहेबांनी कर्तव्यदक्षतेचं बक्षीस म्हणून त्याला घरी बसवलं. दोन महिन्यांनी माळ्याचा जिना चढताना तो बसला, तो परत उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय, जुनं दुखणं.

जुनं? त्याच्या शर्टाच्या खिशात लॅबची पावती निघाली, सहा महिन्यांपूर्वीची; रिपोर्ट त्याच वेबसाइटवर. याला तेव्हाच कळलं होतं का, ताईला एवढंच हवं होतं. त्याच्यासोबत काम करणारी मुलगी भेटायला आली होती, तिला ताईनं त्याचा लॅपटॉप दिला. "त्याची चिठ्ठी असेल ना गं यात?"

मुलीनं वेबसाइट उघडली. उत्तर आलं: पुन्हा पासवर्ड घालून आत या.

मुलगी रडायला लागली. "ताई, जुनी कुकी आता चालत नाही. त्यानंच केलेली दुरुस्ती, आणि वर त्याचीच तपासणी आहे. नाव काय ठेवलंय माहितेय? 'ताईचा कोटवाला'. आम्ही काहीही बदललं की तो जुनी चिठ्ठी घेऊन येतो, आणि हाकलला गेला तरच काम पुढं सरकतं."

जगाचे रिपोर्ट झाकायला नोकरी घालवली पठ्ठ्यानं, आणि पक्का बंदोबस्त कुणाचा केला, तर सख्ख्या बहिणीचा.

ताईनं लॅपटॉप मिटला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "हाकललंच पाहिजे."