विमान घेण्याआधीचे तीन प्रश्न

जुन्नर तालुक्यातल्या डिंगोऱ्यात आमची टोमॅटोच्या रोपांची नर्सरी आहे. बोर्डावर वडिलांचं नाव असलं तरी गिऱ्हाईक आल्याआल्या विचारतं ते "मावशी हायेत का?" असंच. मावशी म्हणजे माझी आई. रोपं न्यायला आलेल्या माणसाला ती आधी तीन गोष्टी विचारते. बेड पाडलेत का, ठिबक अंथरलंय का, कालव्याला पाणी सुटलंय का. एकाचंही उत्तर डळमळीत आलं की बुकिंग असो नाहीतर सोयरा असो, गाडी रिकामी परत. एकदा तिने माझ्या सख्ख्या मामाची पिकअप माघारी धाडली. मला इतकी लाज वाटली की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नव्हते.

आता मी मुंबईत एका विमान कंपनीत आहे. कोणती विमानं कधी ताफ्यात घ्यायची, त्याचं नियोजन हे माझं काम. नव्या विमानांची ऑर्डर गेली तेव्हा मी घरी फोन करून फुशारकी मारली की पहिल्या विमानाच्या पहिल्या फेरीला तू माझ्या शेजारी, खिडकीपाशी. आई कधी विमानात बसलेली नाही. तिने त्याच आठवड्यात जुन्नरहून जांभळी साडी आणली आणि रोपांचे ट्रे न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. म्हणजे अख्ख्या तालुक्याला सांगितलं म्हणा.

विमानं ताब्यात घ्यायची वेळ आली आणि मी अंतिम टिपण लिहायला बसले. आमची जुनी विमानंच इंजिनं दुरुस्तीला गेल्यामुळे विमानतळावर नुसती उभी होती, आणि नव्यांची इंजिनंही वेळेवर मिळतील याची कुणी खात्री देईना. वैमानिकांचं प्रशिक्षण अर्धवट होतं. जिथून उडवायची, त्या विमानतळाने उड्डाणाच्या वेळा दिलेल्या नव्हत्या. घेतली असती तर नवी कोरी विमानंही जुन्यांच्या शेजारी उभी राहिली असती. साहेबांना मात्र नव्या विमानांच्या स्वागत समारंभाची घाई झाली होती. एक सहकारी म्हणाला, सरळ ऑर्डर रद्द करू. पण रद्द केली की विमान बनवणाऱ्यांकडच्या रांगेतला नंबर गेला, पुन्हा मागायची तर काही वर्षं थांबा. मी लिहिलं, नंबर ठेवा, विमानं पुढे ढकला. साहेब चिडले, पण दोन दिवसांनी मान्य केलं. खोटं कशाला बोलू, सही करताना माझ्या डोळ्यांपुढे ती जांभळी साडीच होती.

शनिवारी गावी गेले. आई शेडमध्ये ट्रेमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, भरत होती. उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की विमान इतक्यात येत नाही आणि ते मीच लांबवलंय. आमच्या अडचणी फोनवरून तिच्या कानावर होत्याच. तिने वर न पाहता विचारलं,

"इंजनं न्हाईत?"

"नाहीत."

"चालवणारं?"

"शिकतायत अजून."

"आन उडायची येळ?"

"तीही मिळाली नाही."

ती ट्रे भरत राहिली. रागावली की काय, मला कळेना. तिचं एवढं एकच मागणं होतं, तेही तिने मागितलं नव्हतं, मीच कबूल केलं होतं.

तेवढ्यात आळे गावचा एक शेतकरी पिकअप घेऊन आला. आईने विचारायचं ते विचारलं. ठिबकापाशी तो अडखळला.

"दोन दिसांत व्हतंय की, मावशी."

"मंग दोन दिसांनी या, भाऊ. रोप हितं जगंल, तुमच्या रानात वाळंल."

तो हिरमुसला. लहानपणी ज्या गोष्टीची लाज वाटायची, ती डोळ्यांसमोर पुन्हा घडत होती आणि मला आईचा लई अभिमान वाटत होता. जाताजाता त्याने चिमटा काढलाच.

"ते तुमचं विमान कवा यायचंय, मावशी? साडी जुनी व्हईल."

मी मान खाली घातली. आईने पदराला हात पुसले आणि हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.

"तयारी नव्हती त्यांची," ती म्हणाली. "माझ्या लेकीनं माघारी धाडलं."