झटपटरावांनी मऊ केलेलं हाड

प्रयोगशाळेत त्याला सगळे झटपटराव म्हणत आणि या गृहस्थाला ते कौतुक वाटे. काम काय, तर रुग्णाचं कापून आलेलं हाड मऊ करायचं, म्हणजे त्याचे पातळ काप निघतात आणि डॉक्टरांना तपासता येतात. सौम्य द्रावणात याला आठवडे लागतात. झटपटराव कडक अ‍ॅसिड ओतायचा आणि दुसऱ्या दिवशी टेंभा मिरवत हिंडायचा. कडक अ‍ॅसिडात पेशींमधली जनुकं नासतात, हे त्याला सांगून सांगून लोकांच्या तोंडाला फेस आला होता. "गाठ दिसते ना? मग झालं तर," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

मग त्याच्या सख्ख्या बहिणीच्या मुलीचा खालचा जबडा सुजला. ती शाळेत शिकवायची, दिवसभर बोलण्याचं काम. गाठ कॅन्सरची नव्हती, पण हाड पोखरत चालली होती. सर्जन म्हणाला, "गाठीच्या जनुकात एक ठरावीक बदल सापडला, तर गोळ्यांनी ती आटवून बघू. नाहीतर अर्धा जबडा काढावा लागेल."

तपासणीचा तुकडा मामाच्याच टेबलावर आला. घरचं काम म्हटल्यावर स्वारीला चेव चढला. नेहमीपेक्षाही कडक अ‍ॅसिड. गाठ कोणती ते लगेच कळलं, पण जनुकांच्या तपासणीत काहीच वाचता येईना. नमुना खराब.

सर्जननं पुन्हा तुकडा घेऊ म्हटलं. आता पुन्हा तुकडा म्हणजे पहिला कुणी नासवला हा प्रश्न आलाच. भाची बिचारी सल्ला विचारायला मामाकडेच गेली.

"मामा, परत तुकडा देऊ का? तू त्यातला माणूस आहेस."

"कशाला चिरफाड करून घेतेस? जनुकं-बिनुकं सगळी नवी थेरं. काढून टाक आणि मोकळी हो."

जनाची नाही, मनाची तरी असावी. हा शांतपणे चहा पीत बसला. पोरीनं त्याचं ऐकलं.

अर्धा जबडा गेला. पायाचं हाड घेऊन नवा बसवला, पण खालचा ओठ बधिर झाला आणि बोलताना शब्द सांडायला लागले. गाठ पुन्हा उगवली तर उपयोग होईल म्हणून सर्जननं काढलेल्या जबड्याचीही जनुकं तपासायला सांगितली. या वेळी मात्र झटपटरावांची तंतरली होती. सौम्य द्रावण घेतलं, आठवडेच्या आठवडे थांबला. निकाल लख्ख आला. तो बदल गाठीत होता.

आणि हा निर्लज्ज ते सांगायला स्वतः भाचीच्या घरी गेला. वर म्हणतो कसा, "या वेळचा नमुना माझ्या हातून अगदी चोख गेलाय, सर्जनही खूश आहे."

भाचीनं रुमालानं ओठ पुसला. एकेक शब्द जुळवत तिनं विचारलं, "मग मागच्या वेळचा कुणाच्या हातून गेला होता, मामा?"

झटपटराव चपला शोधायला लागला.