दारात उभी राहिलेली तेरा अक्षरं

विजयाताईंच्या धाकट्या बहिणीचा, कुंदाताईंचा, फोन आला तेव्हा मी आंघोळीला निघालो होतो. टॉवेल खांद्यावर, एक पाय न्हाणीघरात. "मुकुंद, ताई..." एवढंच त्या म्हणाल्या आणि मी सवयीने म्हणून गेलो, "हो, द्या ना त्यांना फोन." पलीकडे शांतता. मला वाटलं, फोन या हातातून त्या हातात जातो आहे. मी उभा राहिलो, आणि तेवढ्यात मनात सबबही तयार केली की ताई, लग्नात अडकलो होतो, या आठवड्यात नक्की येतो. मग कुंदाताईच पुन्हा बोलल्या. "ताई गेली रे. आत्ता, चहा घेता घेता." विजयाताईंच्या मरणाची बातमीसुद्धा मी पूर्ण ऐकून घेतली नाही. अर्ध्यातच उत्तर दिलं. ताईंना हे कळलं असतं तर त्या रागावल्या नसत्या, हसल्या असत्या, कारण माझा हा रोग त्यांनी वीस-बावीस वर्षांपूर्वीच ओळखला होता.

त्याच्या नऊ दिवस आधी, मंगळवारी दुपारी, त्यांचा स्वतःचा फोन आला होता. मी स्कूटरवर, रेल्वेचं फाटक बंद, पुढे ट्रकची रांग. "मुकुंद, रविवारी तुला..." ताईंनी सुरुवात केली. रविवारी ताईंकडे जेवायला बोलावणं असतं, हे मला पाठ. म्हणून मी लगेच म्हणालो, "रविवारी नाही जमणार ताई, नरसिंहपूरला लग्न आहे. पुढच्या आठवड्यात येतो." त्या जरा थांबल्या. मग, "अच्छा. चलो, ठीक आहे. जेवला का तू?" मी हो म्हणालो, फाटक उघडलं, मी फोन खिशात टाकला. आमचं शेवटचं बोलणं ते हे. पुढचा आठवडा म्हणजे नेमका कोणता वार, हे मी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

मी पॉलिटेक्निकला शिकत होतो तेव्हा त्या आम्हाला नेटवर्क प्रोग्रामिंग शिकवायच्या. तेव्हा त्या 'मॅडम' होत्या. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि वर्गात हिंदी. मी मराठी घरातला आहे हे कळल्यावर मात्र माझ्याशी मराठी, तीही आपली जबलपूरची, अर्धी नागपुराकडे झुकलेली. एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला आपली ओळख कशी पटवायची, हा त्यांचा आवडता विषय. परवलीचा शब्द तारेवरून तसाच पाठवला तर वाटेत कोणीही ऐकेल. मग सर्व्हर एक सवाल टाकतो, दर वेळी नवा, अक्षरांची एक लांबलचक माळ. क्लायंट, म्हणजे आत येऊ पाहणारं यंत्र, त्या सवालात आपलं गुपित मिसळतो आणि मिसळून जे तयार होईल तेच जवाब म्हणून पाठवतो. सर्व्हरकडेही तेच गुपित असतं. तोही मिसळून पाहतो. दोन्ही सारखे निघाले की दार उघडतं. हे आमच्या डोक्यात शिरेना तेव्हा त्या म्हणाल्या, "पुरण कधी पाहिलंस का? डाळ पाठवणार तो, गूळ आपल्या घरचा. आपण पाठवायचं पुरण. आता त्या पुरणातून गूळ वेगळा काढून दाखव म्हणा कोणालाही." वर्गातली हिंदी मुलं माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा पुरण म्हणजे काय ते समजावण्यात उरलेला तास गेला. पुढच्या आठवड्यात ताईंनी पुरणपोळ्यांचा डबाच वर्गात आणला. परीक्षेत तो प्रश्न आला आणि कोणाचाही चुकला नाही.

नोकरीतून लवकर मोकळ्या झाल्यावर त्यांनी गोहलपूरला एका वेल्डिंगच्या दुकानावर खोली घेतली आणि मला बोलावून घेतलं. खाली ग्राइंडरचा आवाज, वर आम्ही दोघं आणि तीन कॉम्प्युटर. रक्त-लघवी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेचं काम मिळालं होतं. तिची नमुने गोळा करण्याची केंद्रं लहान लहान गावांत होती, आणि प्रत्येक केंद्राच्या कॉम्प्युटरने आधी ओळख पटवून मगच रुग्णांची माहिती पाठवायची होती. सर्व्हर ताईंचा, क्लायंट माझा. मी तो चार दिवसांत लिहिला आणि फार खूश होतो. खोलीत शंभर वेळा चालवला, शंभर वेळा दार उघडलं. ताई नुसतं म्हणाल्या, "दोन्ही मशीन एकाच टेबलावर आहेत, मुकुंद." मी ते ऐकलं, पण त्यांचं वाक्य तिथे संपलेलं नव्हतं, हे मला फार पुढे कळलं.

मंडल्याच्या रस्त्यावरच्या एका केंद्रात तो बसवला आणि तिथे तो रुसला. तीन वेळा चालायचा, चौथ्यांदा सर्व्हर म्हणायचा, तू कोण? मी ओळखत नाही. मी लाइनला शिव्या दिल्या, मॉडेम बदलला. मग केंद्रावरच्या पटेल भैयावर संशय घेतला की हाच गुपित चुकीचं टाइप करत असणार. गुपित तीनदा बदललं. तिसऱ्यांदा त्याला चार लोकांसमोर बोललोही. गरीब माणूस, नवी नोकरी, मान खाली घालून उभा. दोनदा बसने जाऊन हात हलवत आलो, तेव्हा ताई म्हणाल्या, मी येते. आल्या, खुर्ची ओढून बसल्या, कीबोर्डला हातही लावला नाही. "सवाल किती अक्षरांचा?" मी म्हणालो, बत्तीस. "आणि येतात किती? तेवढं छाप स्क्रीनवर." मला ते अपमानास्पद वाटलं. बत्तीसचा सवाल, बत्तीसच येणार. पण छापलं. बत्तीस. बत्तीस. बत्तीस. एकोणीस.

ताई शांतपणे म्हणाल्या, "दूरची लाइन आहे, बाबा. कधी माल एका खेपेत येते, कधी दोन खेपांत. तू एकोणीस अक्षरं ऐकून जवाब देऊन राहिला. बाकीची तेरा दारात उभी आहेत." गुपित बरोबर होतं, लाइन बरोबर होती, पटेल भैया बरोबर होता. मिसळणारा घाईत होता. दुरुस्ती चार ओळींची होती. बत्तीस मोजून होईपर्यंत ऐकत राहायचं, मगच तोंड उघडायचं. त्या चार ओळी त्यांनी मला लिहायला लावल्या. मी लिहून बॅग आवरायला लागलो तर म्हणाल्या, "काहून? त्या पोराला सांगितलं का? आधी ते, मग चहा." मी बाहेर गेलो. "भैया, गलती मेरी थी, आपकी नहीं." तो कसनुसा हसला, म्हणाला, "कोई बात नहीं सर, चालू तो हुआ." परतीच्या बसमध्ये ताई खिडकीशी बसल्या होत्या. चूक प्रोग्राममधली आहे की माझ्यातली, हे त्यांनी विचारलं नाही. बहुतेक गरज वाटली नसेल.

त्यानंतर मात्र त्यांचं एक खूळ माझ्या लक्षात आलं. समोरचा बोलायचा थांबला की ताई लगेच उत्तर द्यायच्या नाहीत. टेबलाच्या कडेवर चार बोटं एकेक करून टेकवायच्या, करंगळीपासून. तेवढ्या वेळात समोरचा पुष्कळदा आणखी काही बोलायचा, आणि खरं काय ते बहुतेक तिथेच असायचं. मी त्यांना चिडवायचो की ताई, तुमचा सर्व्हर स्लो आहे. त्या म्हणायच्या, "राहू दे. चुकत तर नाही ना." गोहलपूरची खोली सुटली, ते सागवानी टेबल चेरीतालच्या घरी त्यांच्या पुढच्या खोलीत आलं, आणि रविवारी तिथे कॉम्प्युटरची शिकवणी सुरू झाली. पोरंसोरं नव्हती. एक निवृत्त पोस्टमास्तर, दोघी प्रयोगशाळेतल्या, एक शिवणकाम करणाऱ्या बाई. ज्यांना कोणी शिकवायला बसत नाही, असे. स्वतःबद्दल मात्र ताई कधी बोलल्या नाहीत. लग्न का केलं नाही, नोकरी का सोडली, गुडघे किती दुखतात, काही नाही. आम्हाला पुरण मिळायचं. गूळ त्यांनी घरातच ठेवला.

ग्वारीघाटला नर्मदेत अस्थी सोडल्या त्या दिवशी मी नावेत होतो. नावाड्याने वल्हं थांबवलं, कुंदाताईंनी ओंजळ पाण्यात सोडली, फुलं थोडी दूर गेली. आणि माझ्या डोक्यात एकच... रविवारी तुला. रविवारी तुला काय? तोवर मी धरून चाललो होतो की जेवायलाच बोलावत होत्या. पण जेवायला बोलावताना ताई "रविवारी ये" म्हणायच्या, "रविवारी तुला" कधी म्हणाल्या नव्हत्या. नऊ दिवसांनी गेलेल्या बाईने त्या दुपारी मला काय विचारलं असेल? रविवारी तुला दवाखान्यात येता येईल का? तुझ्या ओळखीचा तो हृदयाचा डॉक्टर भेटेल का? मी हो म्हणालो असतो तर त्या आज असत्या का? तीन आठवडे मी हे कोणाशी बोललो नाही. बायकोने दोनदा विचारलं, जेवण का जात नाही. मी म्हणालो, ॲसिडिटी आहे. कुंदाताईंकडे जायचं टाळत होतो. त्यांना माहीत असणार, आणि त्या सांगतील, याची भीती वाटत होती.

शेवटी परवा गेलो. दोघी बहिणी एकत्रच राहायच्या. त्यांनी मला पुढच्या खोलीत बसवलं, ताईंच्या टेबलाशी. मी विचारलं. अडखळत, पण पूर्ण विचारलं. कुंदाताई म्हणाल्या, "मी इथेच भाजी निवडत बसली होती ना तेव्हा. तिने फोन ठेवला अन् हसायला लागली. म्हणे, एकोणीसच ऐकले गं त्याने. येईल पुढच्या आठवड्यात, तेव्हा उरलेले सांगते."

"डॉक्टरचं काही होतं का?"

"नाही रे. डॉक्टरकडे मीच घेऊन गेली होती तिला, आदल्याच दिवशी, सोमवारी. गोळ्या दिल्या, जास्त बोलायचं नाही म्हणाले. तिला दम लागून राहिला होता महिनाभर. कोणाला सांगू नको म्हणाली, तुलाही."

म्हणजे ताई माझ्यामुळे गेल्या नाहीत. मला हलकं वाटलं, आणि ते वाटल्याची लगेच लाजही वाटली. कारण प्रश्न कुठलाही असो, तो पूर्ण ऐकला असता तर मी विचारलं असतं, काहून ताई, काय झालं? कदाचित त्यांनी सांगितलं नसतं. सांगितलंही असतं. ते आता कळायला मार्ग नाही, आणि मला त्यासोबत राहावं लागेल. मी रडलो थोडा. कुंदाताईंनी रडू दिलं.

मग त्या म्हणाल्या, "तिला असं विचारायचं होतं, रविवारी तुला माझा वर्ग घेता येईल का? एका रविवारचं नव्हतं. नेहमीचं. ते लोक अजून येतात रे. पोस्टमास्तरजी मागच्या रविवारी दारापर्यंत येऊन गेले. तर आता तिच्याकडून मी विचारते. घेशील का?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. हात टेबलाच्या कडेवर होता. तिथे सागवानाचं पॉलिश चार ठिकाणी उडालं आहे, बोटाच्या पेराएवढं, शेजारी शेजारी. मी करंगळी टेकवली. मग अनामिका. मग मधलं बोट.

कुंदाताईंचा चेहरा उतरला. "काहून रे, नाही जमणार का?"

मी तर्जनी टेकवली. "जमेल," मी म्हणालो. "तुम्ही अजून काही म्हणाल, म्हणून थांबलो होतो."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग पदराने डोळे पुसले आणि चहा ठेवायला आत गेल्या.