संस्थापकाचं पाठ केलेलं भाषण

कुवेतच्या रिग्गई भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, मी मुलांना मराठी शिकवायचो. नव्वदच्या दशकात, आखाती युद्धानंतर आपली माणसं तिकडे परतायला लागली, तेव्हा हा वर्ग सुरू केला. एके काळी चौदा पोरं यायची. दोन हजार साल उलटेपर्यंत पाच उरली आणि त्यातली एक माझी मुलगी. घरच्याच मुलीनं पाठ फिरवली तर इतरांना कोणत्या तोंडानं बोलावणार? म्हणून ती यायलाच हवी होती.

तिला अमेरिकन शाळेत घातलं होतं ते मात्र मीच. फी कंपनी भरत होती, मला हाव सुटली, दुसरं काय.

ती सहावीत असताना त्या शाळेत एक उपक्रम निघाला. प्रत्येकानं इतिहासातली एक व्यक्ती व्हायचं, तसा वेश करून उभं राहायचं आणि आलेल्या पालकांशी त्या व्यक्तीच्या तोंडून गप्पा मारायच्या. हिच्या वाट्याला आला अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळातला एक राजकारणी. फारसा कुणाला ठाऊक नसलेला. विधिमंडळात भांडला, निवडणूक हरला, पण स्वतःच्या जमिनीवर गावासाठी शाळा काढली. वाचता वाचता मी त्या माणसाच्या प्रेमातच पडलो. इतका की, हा तिचा अभ्यास आहे हेच विसरलो.

नाशिकला शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेची ढाल मी तीनदा आणली होती. भाषण म्हणजे पाठांतर, हातवाऱ्यांसकट, हे माझ्या अंगात भिनलेलं. मी तिचं भाषण आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत केलं आणि दहा दिवस तिच्याकडून घोकून घेतलं.

‘‘अहो, तिला तिच्या शब्दांत बोलू द्या की,’’ बायको म्हणाली.

‘‘तुला यातलं काही कळत नाही,’’ मी म्हणालो.

उपक्रमाच्या दिवशी काळा कोट घालून, डोक्यावर कापसाचे पांढरे केस चिकटवून ती उभी राहिली. उजवा हात वर करून सुरुवात तर झकास केली. दुसऱ्याच वाक्याला एक बाई वाकून कौतुकानं म्हणाल्या, ‘‘पण तुम्ही शाळा का काढलीत?’’ झालं! ते उत्तर भाषणाच्या शेवटी होतं. पोरगी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. दुसऱ्या कुणीतरी अडवलं, ती पुन्हा पहिल्यापासून. शेजारची मुलं आरामात गप्पा मारत होती, ती हसायला लागली. ही मात्र माझ्याकडे बघत होती. मी काय करावं? समोर उभा राहून, ओठ हलवून तिला पुढची ओळ सांगत राहिलो. आजही आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

गाडीत ती इंग्रजीत म्हणाली, ‘‘बाबा, त्यानं शाळा का काढली ते मला माहीत होतं. मला सांगता आलं असतं.’’ मी गाडी सुरू केली, तशी म्हणाली, ‘‘मी शुक्रवारी वर्गाला बसणार नाही.’’

‘‘नको बसूस. तुझ्यावाचून माझं काही अडत नाही.’’

साफ खोटं. पण जीभ आवरेल तर तो मी कसला!

शुक्रवारी चार पोरं आली. तिच्या खोलीचं दार बंद होतं. आपल्या दोन मुलांना सोडायला आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, ‘‘तुमची कन्या दिसत नाही?’’ तिला बरं नाही म्हणालो. पुढच्या शुक्रवारीही तेच सांगितलं. तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी विचारलं नाही आणि चौथ्या शुक्रवारी त्यांची दोन्ही मुलं आली नाहीत. उरलेली दोघंही महिन्याभरात गळाली.

शेवटी एका शुक्रवारी अकरा वाजेपर्यंत वाट पाहिली आणि सतरंजी उचलायला घेतली. दार उघडून ती बाहेर आली, न बोलता तिनं सतरंजीचं दुसरं टोक धरलं. माझं चुकलं, एवढंच मला म्हणायचं होतं.

‘‘कोपरा नीट धर,’’ मी म्हणालो.