एक ग्रुप राहिलाय

दादाच्या क्लासच्या सरांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, नेहमीसारखी एखादी फाइल उघडत नसेल. बजेट नुकतंच झालेलं, म्हणजे दादा आणि सर नारायण पेठेतल्या क्लासच्या मागच्या खोलीत टॅक्सच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीच्या मागे लागलेले असणार, हे मला वर्षानुवर्षं पाठ होतं. "सुजाता, तू आधी बस," सर म्हणाले. मी बसलेलीच होते, हिंजवडीला, ऑफिसात, समोर जेवणाचा डबा उघडलेला. "अगं, मिलिंद... खुर्चीतच... डॉक्टर येऊन गेले..." सर रडत होते आणि मला, खरं सांगते, रडू यायच्या आधी राग आला. सरांचा नाही, दादाचा. मनात पहिला विचार आला तो हा, की म्हणजे याही मेमध्ये हा परीक्षेला बसणार नाही.

मिलिंद माझा थोरला भाऊ. सीए फायनलच्या पेपरांचे दोन ग्रुप, त्यातला एक पास, दुसरा राहिलेला. कुणी विचारलं, काय करता, की तो म्हणायचा, "सीए करतोय." चोविसाव्या वर्षी हे उत्तर शोभून दिसतं. पंचेचाळिशीत विचारणारा माणूस आधी हसतो आणि मग आपण हसायला नको होतं, असा चेहरा करतो. दादाला दोन्हीची सवय झाली होती. आमचे बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. क्वार्टरच्या दोन खोल्यांत आम्ही वाढलो. घरात नियम फारसे नव्हते, पण पुस्तक जमिनीवर ठेवायचं नाही आणि परीक्षेच्या दिवसांत रेडिओ लावायचा नाही, हे दोन कडक होते. बाबा विहारात गेले की वंदना संपताच कुणाला तरी सांगायचे, "आमचा मिलिंद सीए करतोय." त्या वस्तीत सीए म्हणजे नेमकं काय हे फार थोड्यांना माहीत होतं, पण बाबा ज्या आवाजात सांगायचे त्यावरून ते कलेक्टरच्या आसपासचं काहीतरी असावं, असा समज पसरला होता.

दुसरा ग्रुप पहिल्या खेपेला थोडक्यात गेला. तेव्हा सरांनी त्याला विचारलं, की पुढच्या परीक्षेपर्यंत रिकामा आहेस तर माझ्या इन्कम टॅक्सच्या नोट्स लिहून देशील का. सर शिकवायचे फक्कड. फळ्यासमोर उभे राहिले की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प. पण कागदावर त्यांचं वाक्य तिसऱ्या शब्दाला अडखळायचं. दादाचं उलट. चारचौघांत तोंड उघडायचा नाही आणि लिहायला बसला की कायद्याचं एकेक कलम असं सोपं करून ठेवायचा, की वाचणाऱ्याला वाटावं, एवढंच होतं होय! आधी स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइल नोट्स निघाल्या. त्या इतक्या खपल्या, की पुढच्या वर्षी ऑफसेटवर पुस्तक आलं. मी तेव्हा कॉम्प्युटरचा कोर्स करत होते, म्हणून टायपिंग माझ्या गळ्यात पडलं. दादा पाठकोऱ्या कागदांवर लिहायचा, मी फ्लॉपीवर उतरवायचे, प्रुफं निघायची, ती तो लाल पेनाने रंगवायचा. मग दुरुस्त्या, मग पुन्हा प्रुफं. मुखपृष्ठावर सरांचं नाव असे. दादाचं नाव प्रस्तावनेत, आभारांच्या शेवटच्या ओळीत. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. "पास झालो की कव्हरवर घालू. नावापुढे सीए नसेल तर कोण विकत घेईल?" तो म्हणायचा.

पुस्तकात जागा मिळाली ती आमच्या क्वार्टरमधल्या लोकांना. टॅक्सच्या पुस्तकात पानोपानी उदाहरणं लागतात, अमुक व्यक्तीचं उत्पन्न एवढं, तर कर किती. इतर लेखक तिथे 'श्री. क्ष' घालतात. दादाने आख्खी वस्ती घातली. कारखान्यात फिटर असलेले शेजारचे काका एका भागीदारी संस्थेचे मालक झाले. समोरच्या काकूंनी शेअर विकून भांडवली नफा कमावला. आणि आमच्या आईचा वारज्याला बंगला होता, अर्धा स्वतः राहायला, अर्धा भाड्याने. बाबा रिटायर झाल्यावर आम्ही खरंच वारज्याला राहायला गेलो, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. तेव्हा आई म्हणाली, "पुस्तकात बाग पण होती ना रे?" एकदा माझ्या हातून रकाना सरकला आणि समोरच्या काकूंच्या नफ्याला एक शून्य जास्त लागलं. छापून झाल्यावर लक्षात आलं. मी घाबरले, तर दादा शांतपणे म्हणाला, "राहू दे, काकूंचं भलं होतंय तर." आणि मग पुढचे दोन दिवस आम्ही दोघं प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्राची चिठ्ठी डकवत बसलो. चुकीचं उत्तर घेऊन एकही मुलगा परीक्षेला जाता कामा नये, यावर मात्र तो हटून बसायचा.

आणि इथेच घोडं पेंड खात होतं. बाजार खुला झाला तसा कायदा दर वर्षी हलायला लागला. बजेट फेब्रुवारीच्या शेवटी, परीक्षा मेमध्ये. मार्च-एप्रिल हे अभ्यासाचे महिने, आणि तेच पुस्तक नवं करायचे महिने. नोव्हेंबरच्या परीक्षेला बसावं, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उजळणीची पुस्तिका आणि मेच्या पेपरांची उत्तरं. सर जानेवारीत दर वर्षी म्हणत, "मिलिंद, या वेळी तू सुट्टी घे. मी बघतो." आणि मार्च उजाडला की म्हणत, "अरे, हे तुझ्याशिवाय कोण करणार?" दोन्ही वेळा ते मनापासून म्हणत, हीच पंचाईत होती. मध्येच अभ्यासक्रम बदलला. दादाला आता नवे पेपर देणं भाग होतं, आणि त्या नव्या पेपरांचं पुस्तकही बाजारात नव्हतं, कारण ते त्यालाच लिहायचं होतं. मी चिडून बोलले, आई रडून बोलली. बाबा बोलले नाहीत. ते जाईपर्यंत सांगत राहिले, की मुलगा सीए करतोय. स्थळं येत होती तेव्हा दादा म्हणायचा, पास झाल्यावर बघू. पुढे स्थळं यायची थांबली, त्याचा त्याला सुटल्यासारखा आनंदच झाला असावा. मला अजून होत नाही.

मी टायपिंगमधून सॉफ्टवेअरमध्ये गेले. सरांचा क्लासही काळाबरोबर ऑनलाइन झाला. आता चार पर्यायांचे प्रश्न हवे होते, हजारोंनी. त्या सॉफ्टवेअरची चाचणी करून द्यायला मी शनिवारी जायचे, तेव्हा दादा काम कसं करतो ते जवळून पाहिलं. बरोबर उत्तर लिहायला त्याला क्षणही लागायचा नाही. वेळ जायचा तो चुकीच्या तिघांवर. उगाच कुठलाही आकडा ठेवला तर पोरं न वाचता ओळखतात, तो म्हणायचा. चूक अशी हवी, की माणूस खरंच ती करेल. एका प्रश्नावर बोट ठेवून त्याने मला दाखवलं, "हा बघ, घाईवाल्याचा. वजावट विसरला. हा पाठांतरवाल्याचा. त्याला मागच्या वर्षीचा दर पाठ आहे." "आणि हा तिसरा?" मी विचारलं. "हा माझा," तो म्हणाला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला. पहिल्या खेपेला पेपरमध्ये त्याने तेच लिहिलं होतं. मला त्या क्षणी त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण आमच्या घरात ती पद्धत नव्हती... मी स्क्रीनवरचा फॉन्ट मोठा केला, एवढंच.

शेवटची भेट वारज्याला, फेब्रुवारीतल्या एका रविवारी. आईने बोंबलाची चटणी केली होती, म्हणून स्वारी खुशीत होती. जेवताना म्हणाला, "या वर्षीची आवृत्ती हातावेगळी झाली की बसतो." मी म्हटलं, "दादा, आवृत्ती हातावेगळी होते तेव्हा परीक्षा होऊन गेलेली असते." "ते पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू," तो म्हणाला. आई हसली, मीही हसले. त्याचं पुस्तक वाचून, त्याला शंका विचारून शिकलेली किती तरी मुलं आज मोठमोठ्या कंपन्यांत आहेत, अंत्यदर्शनाला त्यांच्या गाड्यांनी आमची गल्ली भरून गेली होती. त्यातला प्रत्येक जण मला सांगत होता, की मिलिंद सरांमुळे पास झालो. मी हात जोडत होते. खरं तर मला ओरडून विचारायचं होतं, की मग तुमच्यातल्या एकाने तरी त्याचा हात धरून त्याला परीक्षेच्या हॉलमध्ये का नाही नेऊन बसवलं. मला तो राग अजून आहे. तो विनाकारण आहे हेही कळतं. ज्याला बसायचंच नाही त्याला कोण बसवणार? पण त्याला बसायचं होतं, असं मी आजही धरून चालते. तो फक्त आधी सगळ्यांना बसवत होता आणि त्याची पाळी मागे मागे जात राहिली. इतकी वर्षं. इतकं साधं.

त्याचा मोबाइल माझ्याकडे आहे. पुस्तकाच्या मागच्या पानावर शंकांसाठी तो नंबर छापलेला असल्याने सर म्हणाले, बंद करून टाक. मी केला नाही. एप्रिलभर फोन येत राहिले. मी सांगायचे, मिलिंद सर आता नाहीत, क्लासमध्ये विचारा. समोरून सॉरी मॅडम. मागच्या आठवड्यात नांदेडहून एका मुलीचा आला. तिला गणितातली शंका नव्हती. "मॅडम, सरांना फक्त एक विचारायचं होतं. माझा एक ग्रुप राहिलाय. पोर्शन पूर्ण झालेला नाही. हा अटेम्प्ट ड्रॉप करू का? घरी म्हणतात, नोव्हेंबरला नीट तयारीने दे."

सर आता नाहीत, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते बाहेर आलं नाही.

"सर आत्ता बोलू शकत नाहीत," मी म्हटलं. "त्यांची परीक्षा आहे."

"सरांची?"

"हो. त्यांचाही एक ग्रुप राहिलाय. या मेमध्ये बसतायत."

"पण... सरांची तरी तयारी पूर्ण झालीये का?"

"नाही," मी म्हटलं. "तरी बसतायत."

ती म्हणाली, "मग मी पण बसते, मॅडम. सरांना ऑल द बेस्ट सांगा."

सांगते, म्हणाले मी, आणि फोन पुन्हा चार्जिंगला लावला.