पंचांगात ठेवलेली चिठ्ठी

माझा धाकटा भाऊ रघू याला काय झाले आहे, हे बारामतीच्या डॉक्टरांनी मला सांगितले तेव्हा तो बाहेर बाकावर बसून भिंतीशी बोलत होता. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, याला स्किझोफ्रेनिया म्हणतात. मनाचा आजार आहे. त्याला ऐकू येणारे आवाज तुम्हाला खोटे वाटतील, पण त्याच्या कानाला ते माझ्या बोलण्याइतकेच खरे आहेत. ते त्याला काय करायला सांगतील याचा भरवसा नाही. पुण्याच्या मेंटल हॉस्पिटलात न्या, आणि तोवर एकटा सोडू नका." मग त्यांनी एक चिठ्ठी इंग्रजीत लिहून दिली.

रघू तेव्हा चोवीस वर्षांचा होता. महिनाभर त्याला झोप नव्हती. भाकरीत कुणी काही कालवले असेल म्हणून तो जेवत नसे. उसाच्या फडात उभा राहून कुणाकुणाला उत्तरे देत असे. मी सांगवीच्या शाळेत मास्तर, चार बुके शिकलेला. मला चिठ्ठी वाचता येत होती आणि तिचा अर्थही कळला होता, हे आधीच सांगून टाकतो.

घरी आईने वेगळाच निर्णय देऊन ठेवला होता. "त्येला वारं हाय. बांधावरचा म्हसोबा आलाय त्येच्या अंगात," असे ती म्हणाली. त्या वेळी आमच्या धाकट्या बहिणीची, सुलूची, सोयरीक इंदापूरला ठरत आली होती. भाऊ वेडा आहे म्हटल्यावर मुलगी कोण करून घेणार? अंगात देव येणारा भाऊ मात्र चालतो, उलट पाहुण्यांना त्याचे अप्रूपच वाटते. मी म्हटले, लग्न होऊन जाऊ दे, मग पुण्याला नेऊ.

चिठ्ठी फाडावीशी वाटली, पण लिहिलेला कागद फाडवत नाही ही माझी जुनी खोड. मुहूर्त बघायला आणलेल्या पंचांगात ती ठेवून दिली.

वैशाखात लग्न झाले. तोवर दारात नारळ येऊ लागले होते. कुणाची म्हैस आटली, कुणाचा मुलगा रुसून गेला, लोक रघूसमोर येऊन बसत. तो बडबडे आणि आई त्या बडबडीचा अर्थ लावून सांगे. मी समोरच बसलेला असे. सुनांसारखी मान खाली घालून मीही नारळ फोडून प्रसाद वाटला आहे. एकदा मी पुण्याचे नाव काढले तर आई म्हणाली, "देवाला दवाखान्यात न्हेतोस व्हय?" मी तो विषय पुन्हा काढला नाही. खरे सांगायचे तर मला ते सोयीचेच होते.

पौषात, भर दुपारी, कॅनॉलच्या चारीवर, म्हणजे शेतात पाणी नेणाऱ्या पाटावर, रघूने शेजारच्या भगवानतात्यांच्या डोक्यात खोरे घातले. पाण्याची पाळी आमची संपून तात्यांची सुरू व्हायची होती. पाण्यात विष सोडायला माणूस येतोय, त्याला अडव, असे आवाज सकाळपासून सांगत होते, हे पुढे कळले. तात्या गेले. रघू पळाला नाही. लोक धावत आले तेव्हा तो ओंजळीने चारीचे पाणी तात्यांच्या तोंडात घालत होता आणि त्यांना उठायला सांगत होता.

ज्यांच्या घरी असा आजार आहे त्यांना कोर्टाची वाट माहीत असावी म्हणून थोडे लिहितो. आधी बारामतीच्या कोर्टात उभे केले. मग आरोपीला खटला समजतो की नाही हे पाहायला पुण्याच्या हॉस्पिटलात ठेवले. त्याला ऑब्झर्वेशन म्हणतात, म्हणजे नुसते लक्ष ठेवणे. पण आठ महिने त्याला शॉकही दिले. शॉक म्हणजे डोक्याला विजेचा झटका, त्याने माणूस काही दिवस शांत होतो. मी दर महिन्याला बारामतीहून अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेगाडीने दौंडला जाई, तिथे बाकावर तासन्‌तास पुढच्या गाडीची वाट बघे. त्या बाकावर माझे केस पिकले असे मी थट्टेने म्हणतो, पण ते खोटे नाही.

वकिलांनी कायदा समजावून सांगितला. दंडविधानाच्या चौऱ्याऐंशीव्या कलमात असे आहे की, कृत्य करतेवेळी वेडापायी आपण काय करतो आहोत किंवा ते वाईट आहे हे ज्याला कळत नव्हते, तो गुन्हेगार नव्हे. पण वेड होते हे आपण सिद्ध करायचे. "कृत्याच्या आधीचा पुरावा हवा, मास्तर," वकील म्हणाले. "सगळा गाव सांगतोय की तो शहाणा होता. लोक त्याला सल्ला विचारायला जात होते. असा माणूस फासावर जातो."

गावाला ते आम्हीच सांगितले होते. मी वकिलांना पंचांगातल्या चिठ्ठीबद्दल सांगितले. त्यांनी ती लगेच आणायला सांगितली.

चिठ्ठी कोर्टात दाखवायची तर ती वर्षभर का लपवली हेही सांगावे लागणार होते, आणि ते इंदापूरला पोचणार होते. म्हणून मी आधी सुलूकडे गेलो. परसात भांडी घासता घासता तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "दादा, तू खरं सांग. माझं काय हुईल ते हितं मी बघून घीन. त्येला फासावर जाऊ दिऊ नगंस."

मी साक्षीला उभा राहिलो. सरकारी वकिलांनी विचारले, देव होता की वेड? मी म्हणालो, "आजार होता, साहेब. मला माहीत होता. बहिणीचं लग्न ठरत होतं म्हणून आम्ही त्याला देव म्हटलं." मागे बसलेल्या गावकऱ्यांत कुजबुज झाली. माझ्या डोळ्यांदेखत रघूपुढे नारळ ठेवून गेलेली माणसे होती ती. मान वर करून त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटली.

तात्यांच्या बायकोचीही साक्ष झाली. ती सरकारची साक्षीदार. तिने मनात आणले असते तर काहीही बोलली असती. तिने पाहिले तेवढेच सांगितले. रघू खोरे घेऊन एकटाच ओरडत होता. तात्यांनी लांबूनच पाहिले, पायातल्या वहाणा काढल्या, हात जोडले आणि पाया पडायला पुढे गेले. "येडा म्हून ठावं असतं तर माघारी फिरलं असतं की," एवढे म्हणून ती थांबली.

निकालात कृत्य रघूनेच केल्याचे, पण वेडाच्या भरात केल्याचे धरले. फाशी टळली. सरकारचा हुकूम होईपर्यंत हॉस्पिटलातच ठेवायचे ठरले. सुलूला तिच्या सासरच्यांनी नांदवले, पण माहेरी पाठवणे बंद केले ते कायमचे. आईच्या मरणालाही ती आली नाही.

पुढे काही वर्षांनी क्लोरप्रोमाझिन नावाच्या नव्या गोळ्या आल्या. त्या आवाज दाबतात. झोप फार येते, हात थोडे कापतात, पण रघू हळूहळू माणसात आला. तिथल्या डॉक्टरांचे उपकार कसे फेडावेत मला कळत नाही. त्यांनी मला बजावून ठेवले होते, "आता तो प्रश्न विचारील. आजार असताना जे पोचलं नाही ते आता पोचणार आहे. खोटं बोलू नका."

गेल्या खेपेला आम्ही हॉस्पिटलच्या लिंबाखाली बसलो होतो. मी नेलेले पेरू तो पुसत होता. खाली बघूनच म्हणाला, "दादा, तात्यांना मीच मारलं न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

त्याने पुसलेला पेरू बाजूला ठेवला. मग म्हणाला, "माझ्या हातात खोरं हुतं. त्ये पळालं का न्हाईत?"

हा प्रश्न टळावा म्हणून मी इतकी वर्षे देवाला नवस करत होतो. मी त्याचा कापणारा हात धरला आणि म्हणालो, "तुझ्यात देव हाय असं त्येंना वाटलं, रघू. आमी सांगितलं हुतं तसं."

त्याने हात सोडवून घेतला नाही. भेटीची वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत आम्ही तसेच बसलो.

तुमच्या घरात कुणी भिंतीशी बोलत असेल आणि डॉक्टरांनी चिठ्ठी दिली असेल, तर ती शेजाऱ्याला वाचून दाखवा.